नत्थू मिस्त्रीची पाश्चात्त्य घरं

नत्थू मिस्त्री पहिल्यांदा माझ्या वाचनालयात आला तो काही वाचायला नव्हता आला. छत गळत होतं म्हणून समितीनं त्याला धाडलं होतं. लाखनीतलं आमचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि मी. मी म्हणजे कामिनी, ग्रंथपाल, नोकरी एकवीस वर्षांची आणि डोकं गरम असल्याची ख्याती तालुकाभर. ख्याती खोटी नाही. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही.

नत्थूनं छताकडे मान वरसुद्धा केली नाही. भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "म्याडम, छत बराबर हाय. वरचा पाईप तुंबला, म्हनून पानी भिंतीतून उतरून राहिलं." चार वर्षं आम्ही त्या बिचाऱ्या छताला शिव्या घालत होतो. त्यानं पाईपमधून साळुंकीचं एक अख्खं घरटं काढलं आणि गळती बंद झाली.

माणूस साकोलीजवळच्या एकोडीचा. नत्थू कापगते, वय त्रेपन्न, शिक्षण सातवी पास. मामाच्या हाताखाली सिमेंट-रेतीचा गारा कालवता कालवता थापी हातात आली ती बत्तीस वर्षं सुटली नाही. लाखनी-साकोली रस्त्यावर घरांच्या कपाळावर सिमेंटची कमळं आणि मोर दिसतात ना, त्यांतले निम्मे त्याच्या हातचे. बोलणं कमी, पण बोलला की समोरच्याच्या घरातली एखादी भेग सांगूनच थांबायचा. लग्नात जेवायला बसला तरी पत्रावळीआधी मंडपाचे खांब ओळंब्यात, अगदी सरळ, आहेत का ते बघणार. असल्या माणसाला लोक पुन्हा जेवायला बोलवत होते, हेच नवल.

आमच्या भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा दुपारचा डबा खाऊन तो वाचनकक्षात बसायचा. एक दिवस त्याच्या हाताला ते पुस्तक लागलं. एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या मुलांनी पुण्याला जाताना चार खोकी आमच्याकडे टाकली होती, त्यातलं. इंग्रजी, विटेएवढं जाड, आधुनिक पाश्चात्त्य वास्तुकलेच्या चळवळींवरचं. नऊ वर्षांत एकानं नेलं नव्हतं. ओली रजिस्टरं दाबायला मात्र फार कामाचं होतं.

"म्याडम, ह्यात काय लिवलं हाय?"

"इंग्रजी आहे ते."

"ते दिसून राहिलं मले. लिवलं काय हाय?"

आता याला काय उत्तर देणार? मी बसले. शेजारी शब्दकोश घेतला आणि एक पान वाचून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो डबा अर्धाच खाऊन आला. असा आमचा वर्ग सुरू झाला. आठवड्याला एक चळवळ, दुपारी एक ते दोन. बदल्यात तो माझ्या कपाटांची कुरकुरणारी दारं दुरुस्त करणार होता.

आणि आता कबुलीच देते. त्याच सुमारास त्याला घरकुल मंजूर झालं होतं. दसरा झाला तसं त्यानं जुनं मातीचं घर पाडलं आणि संसार अंगणातल्या टिनाच्या सपरीत हलवला. लेक रुचिका दिघोरीला दिलेली, पहिलटकरीण. संक्रांत झाली की बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि तोवर घर उभं राहिलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याच्या बायकोनं, रुखमिणीनं, मागितली होती. नत्थूनं मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तरी मी पुस्तक उघडलं.

पहिलं प्रकरण आर्ट नूव्होचं. ब्रुसेल्स आणि पॅरिसमधले लोखंडी जिने, वेलींसारखे वळवलेले कठडे, दारांना फुलांच्या देठांचा आकार. नत्थू खुश झाला. "हे तं आपल्या साकोलीच्या वेल्डरले बी जमन," म्हणाला, आणि घरी जाऊन बायकोला वेलीचा कठडा काढून दाखवला. रुखमिणीला तो आवडला. हा त्या दोघांमधला शेवटचा शांततेचा आठवडा होता.

कारण पुढच्या प्रकरणात व्हिएन्ना आलं. तिथल्या एका वास्तुकाराचं म्हणणं असं की नक्षी म्हणजे मजुराच्या कष्टांची नासाडी, शहाण्या माणसानं घरं साधी बांधावी. मी हे सांगितलं आणि नत्थूनं पुस्तक स्वतःकडे ओढलं. मग हळूच म्हणाला, "हा मानूस एखांद्या रोजी बांबूच्या परांचीवर चढला असन." बत्तीस वर्षं उन्हात उलटा लटकून लोकांची कमळं घडवलेला माणूस तो. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं की हे कमळ नसतं तरी चाललं असतं. वेलीचा कठडा रद्द झाला.

मग हॉलंडमधला डी स्टाईल. सरळ रेघा, लाल, निळा आणि पिवळा रंग. नत्थूनं पुढची भिंत तोडून खिडकी कोपऱ्यात नेली. रुखमिणी म्हणाली, "घर बांधून राहिले का मंडईच्या जत्रेतला आकाशपाळणा?" मग जर्मनीतली ती शाळा, बाउहाउस. पांढऱ्या भिंती, सपाट छत, काचेच्या लांब खिडक्या. वस्तूचा आकार तिच्या कामावरून, म्हणजे फंक्शनवरून, ठरवायचा. कोपऱ्यातली खिडकी पुन्हा बुजली आणि भिंत पुन्हा सरकली. शाळेतल्या पोरानं पाटी पुसावी तसं चाललं होतं, फक्त ही पाटी विटांची होती.

तरी सांगते, विद्यार्थी म्हणून तो अव्वल. फोटोतली घरं तो माझ्यासारखी पाहायचा नाही. मी म्हणायची, "किती सुंदर आहे." तो नाक पानाला टेकवून म्हणायचा, "हे गळत असन."

"कशावरून? जगप्रसिद्ध घर आहे ते."

"असन. पन सपाट छत हाय, उतार नाई, अन् कडेले पानी जायाले जागा नाई. गळते."

मी चिडले. सातवी शिकलेल्या माणसानं युरोपला गळकं म्हणावं? दोन आठवड्यांनी समासातल्या बारीक अक्षरांत मजकूर सापडला. अशा घरांच्या कित्येक मालकांनी तक्रारी केल्या होत्या की पावसात घरभर भांडी ठेवावी लागतात. मी तो मजकूर त्याला वाचून दाखवला, कारण मी चिडकी असेन, पण लबाड नाही. त्यानं डब्यातली चटणी माझ्यापुढे सरकवली.

चुकायचाही. फ्रान्समधलं खांबांवर उचललेलं एक पांढरं घर होतं, खाली सगळं मोकळं. नत्थू म्हणाला, "हे समजदार मानसाचं काम. खाली बैल बांधते, वर मानसं रायते. धानाचे पोते बी खालीच." मी सांगितलं, खाली मोटार उभी करतात. तो म्हणाला, "मंग गोठाच झाला ना." मी पान उलटलं.

डिसेंबर लागला आणि आम्ही ब्रुटॅलिझमवर आलो. काँक्रीट झाकायचं नाही, रंगवायचं नाही, साच्याच्या फळ्यांच्या खुणासुद्धा तशाच ठेवायच्या. नत्थूनं विचारलं, "आपल्या हायवेवरच्या पुलावानी?" मी म्हटलं, तसंच. त्या दिवशी घरी जाताना तो अर्धा तास उड्डाणपुलाखाली मान वर करून उभा राहिला. पानठेलेवाल्याला वाटलं, याचं काहीतरी हरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुढच्या भिंतीचं अर्धं झालेलं प्लास्टर स्वतःच्या हातानं तासून काढलं. एकोडीत प्लास्टर नसलेल्या भिंतीचा अर्थ एकच, घरचं सरलं. संध्याकाळी शेजारचा धनीराम अर्धं पोतं तांदूळ खांद्यावर घेऊन हजर. "लाजू नको गा नत्थू. आपल्यात काय परकं हाय?" नत्थूनं त्याला अंगणात बसवून ब्रुटॅलिझम समजावून सांगितला. इंग्लंड, फ्रान्स, कच्चं काँक्रीट, सगळं. धनीरामनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलवत हाव हाव म्हटलं, नत्थूच्या पाठीवरून हात फिरवला आणि तांदूळ तिथंच ठेवून गेला. गावात दोन दिवस चर्चा होती की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी हा किस्सा ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसायला नको होतं.

कारण त्याच आठवड्यात रुखमिणी आली.

दुपारी बाराची वेळ. डोक्यावरून पदर, पायांत धुळीच्या चपला. एसटीनं साकोलीवरून आलेली. दारातून म्हणाली, "तुमीच का त्या पुस्तकवाल्या बाई?"

"मी ग्रंथपाल आहे."

"तेच. माहं घर तुमच्या पुस्तकानं खाल्लं."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "पुस्तक घर खात नाही बाई, वाळवी खाते. तुमच्या नवऱ्याला आवरा." ती भांडेल असं वाटलं. तशी तयारीसुद्धा होती माझी. पण ती बाकावर बसली आणि अगदी साध्या आवाजात बोलायला लागली.

"तीन खेप भिंत पाडली त्यायनं. महिन्यावर संक्रांत आली. बाई, रुचिका झाली तवा आमी नागपूरले कामावर होतो. हे मिस्त्री, मी त्यायच्या हाताखाली रेजा. नवव्या महिन्यात बी घमेलं डोक्यावर. कळा सुरू झाल्या तं तिथीच, दुसऱ्याच्या अर्ध्या घरात, सिमेंटच्या रिकाम्या बोऱ्यायवर झाली पोट्टी. पुसाचा महिना होता, थंडी कडक. खिडक्याले पल्ले नोयते. रातभर वारा आत येऊन राहिला, अन् मी पोट्टीले पोटाशी धरून बसली. तवाच ठरवलं का माह्या लेकीले बंद खोली देईन. अन् हे तं तुमच्या पुस्तकात बसून राहिले."

मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली. पाणी दिलं आणि तिच्यासमोर बसले. तीच म्हणाली, "दाखवा तं खरं, काय हाय त्यात."

मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. तिनं बोटाला थुंकी न लावता, पानाची कड धरून, एकेक पान उलटलं. मला ती तेवढ्यावरच आवडली. बरीच पानं झाल्यावर तिनं विचारलं, "ह्या घरायत मानसं काहून नाईत?"

"इमारतींचे फोटो आहेत ना ते."

"कोनी जेवून नाई राहिलं. कोनी निजलं नाई. एकाही घरात बाज नाई. बाळंतीण कुठी निजवते हे लोक?"

नऊ वर्षं ते पुस्तक माझ्याकडं होतं, आठ आठवडे मी ते शिकवत होते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मागची सूची पाहिली. बारीक अक्षरांची दहा पानं, त्यात खांब होते, काच होती, पोलाद होतं. बाळंतीण नव्हती. मग आठवलं की मधे कुठेतरी एक स्वयंपाकघर आहे. मी ते पान शोधून काढलं.

फ्रँकफर्टमधलं ते स्वयंपाकघर. शंभर वर्षांपूर्वीचं, कामगारांच्या घरांसाठी एका स्त्री वास्तुकारानं आखलेलं. बाई चुलीपासून पाण्यापर्यंत किती पावलं चालते, ती कशी वाचतील, याचा हिशेब घड्याळ लावून केलेला. मी हे सांगितलं आणि रुखमिणी माझ्याकडे बघतच राहिली.

"घड्याळ लावून? बाईचे पाय मोजले?"

"हो."

"कोनी मोजले तरी बाप्पा." ती पहिल्यांदा हसली. चित्रावर बोट ठेवून ओटा, मोरी, डबे सगळं बघितलं. मग म्हणाली, "चांगलं हाय. पन एकटीच हाय बिचारी. दार लावलं का हिच्यासंगं बोलाले कोनी नाई."

तेवढ्यात एक वाजला आणि नत्थू डबा घेऊन दारात आला. आपल्या जागेवर बायको बसलेली पाहून तो आल्या पावली मागं वळला. रुखमिणीनं मान न वळवता सांगितलं, "पळू नका. आजचा धडा माहा हाय."

रविवारी मी एकोडीला गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. पाहते तर अंगणात चुलीच्या राखेनं घर आखलेलं. जोत्याच्या मापाएवढंच, आणि त्यात मधोमध खरीखुरी बाज टाकलेली. बाजेवर रुखमिणी आडवी, कुशीत लुगड्याचं गाठोडं. ती बाळंतीण झाली होती आणि नत्थू टेप घेऊन उकिडवा बसला होता. गल्लीतल्या बायका भोवती. रंभाबाई नावाची एक म्हातारी, जिनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती, ती काठीनं दिशा दाखवत होती. "वारा तिकडून येते. डोसकं तिकडं नोको करू. शेगडी बाजेखाली, मंग दार अन् बाजेच्या मधात तं जागा पायजे ना गा, का उडी मारून जाईन मी?"

बाजेवरून रुखमिणी म्हणाली, "न्हानी इथी. आठ पावलायच्या वर मी चालनार नाई."

"खिडकी?" नत्थूनं विचारलं.

"निजल्या निजल्या बाहेरचं दिसलं पायजे. अन् चुलीपाशी बसली का मले पोट्टीचा आवाज आला पायजे."

नत्थूनं राखेच्या रेघा पुसल्या, नव्या ओढल्या. पुन्हा पुसल्या. दोन तास चाललं हे. आधी बाज ठरली, बाजेनं खोली ठरवली, खोलीनं चूल ठरवली, आणि शेवटी उरलेल्या जागेत भिंती बसल्या. नत्थू मला कौतुकानं म्हणाला, "म्याडम, आपल्या पुस्तकात ह्यालेच फंक्शन म्हनते ना?"

"ह्याले अक्कल म्हनते," रुखमिणी बाजेवरूनच बोलली. बायका खिदळल्या.

मी निघाले तेव्हा तो माझ्या फटफटीपर्यंत सोडायला आला. टेप गुंडाळत उभा राहिला, उलगडली, परत गुंडाळली. "बत्तीस वर्सं झाले, म्याडम. किती घरं बांधले, मोजदाद नाई. मानसं सांगत गेले, मी बांधत गेलो. एकाही बाईले इचारलं नाई का बाई, तू निजतं कुठी. माह्या घरच्या बाईले बी नाई." मी त्याला म्हटलं, आता विचारलंस ना.

त्यानंतर तो महिनाभर वाचनालयात फिरकला नाही. दुपारी एक वाजला की मला करमेना, आणि हे मी कोणाला सांगितलंही नाही. बातम्या कळायच्या. धनीरामच्या घरची चार माणसं खळ्यावर धान चुरणं थांबवून विटा द्यायला आली. डिसेंबर संपायच्या आत स्लॅब टाकून झाला. रुचिका आली तेव्हा तिची खोली प्लास्टर होऊन, दारं-खिडक्या लागून तयार होती. बाकीचं घर नुसतं विटांचं, आणि पुढच्या भिंतीवर कमळ, मोर, वेल काहीही नव्हतं. आता हे कोणत्या चळवळीत बसतं, ते पुस्तकवाल्यांनी ठरवावं.

साकोलीच्या दवाखान्यात रुचिकाला मुलगी झाली. बारशाला मला खास निरोप आला. मी दुपारीच पोचले. अंगणात मोठ्या चुलीवर कढई चढली होती, पाहुणे जमत होते, आणि रुखमिणी पहाटेपासून उभी होती. तिच्या आवाजावरूनच कळत होतं. कोणाला पाणी, कोणाला चटई, कोणाला दटावणं.

मी खोलीत गेले. काही विशेष नव्हतं तिथं. बाज, कोनाडा, हाताच्या अंतरावर दिव्याचं बटण. खिडकी एवढी खाली की बसल्या जागी मला बोडीचं, त्या लहानशा तळ्याचं, पाणी आणि पलीकडची धान कापलेली बांधी दिसली. शेगडीची ऊब होती. रुचिका म्हणाली, "बाई, सव्वा महिना मी इथून हालनार नाई. सासरी खांबायचं पक्कं घर हाय, पन निजाची जागा अशी नाई." तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं.

तेवढ्यात रुखमिणी काहीतरी न्यायला आत आली. रुचिका बाजेवरून उतरली आणि तिनं आईचा हात धरला.

"माय, तू नीज थोडी."

"माहे हात पिठानं भरले हायत."

"असू दे."

"पाहुने आले पोरी, पुऱ्या रायल्या."

"असू दे म्हटलं ना."

रुखमिणी बाजेच्या कडेवर बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. मग म्हणाली, दोनच मिनिटं. आडवी झाली, पिठाचे हात अंगापासून दूर धरून, पांघरूण खराब होऊ नये म्हणून. रुचिकानं गोधडी ओढली. मी आणि ती एकमेकींकडे बघत बसलो, आणि बाहेरून कोणीतरी "रुखमिणीबाई" अशी हाक मारेपर्यंत रुखमिणी घोरायलासुद्धा लागली होती. एकवीस वर्षं वाचनालयात शांतता पाळायला लावते मी, पण इतकी खरी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

नत्थू हाकेमागून आत डोकावला. बायकोला पाहून दारातच थांबला. मग त्यानं दार हळूच लोटून घेतलं आणि अंगणात जाऊन पाहुण्यांना सांगितलं, "हळू बोला. रुचिकाची माय निजली हाय."

आणि परात पुढं ओढून स्वतः पुऱ्या लाटायला बसला. त्या जाड झाल्या, एकही गोल नव्हती, पण पाहुण्यांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.